एक्स्प्रेशनचे मार्क

६ जानेवारी, सोमवार

सर म्हणाले, रोजनिशीसुद्धा इंग्रजीतच लिहायची. नाही लिहिणार! दिवसभर तोंड वेडंवाकडं करून झालं, निदान ही वही तरी माझी राहू दे.

आज द्वारका चौकातल्या स्पोकन इंग्लिश क्लासचा पहिला दिवस. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. रबराचा वास थेट फळ्यापर्यंत. शिकवायला निवृत्ती सर — पन्नाशीचे, स्वेटरवर टाय. एकेकाने उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची होती. मी उभी राहिले. नाव निकिता सांगितलं, सुरगाणा सांगितलं, नर्स सांगितलं. पुढे शब्दच फुटेना. मागे कोणीतरी खुदकन हसलं. खाली बसले तेव्हा कान तापले होते.

हे सगळं कशासाठी? तर मेट्रनबाईंनी सांगितलंय, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मोठे डॉक्टर आम्हा सगळ्या सिस्टर्सची तोंडी परीक्षा घेणार. इंग्रजीत. परदेशातले पेशंट येणार म्हणे आता. पास होतील त्या कायम, बाकीच्यांनी मार्चपासून दुसरीकडे बघावं. वर म्हणाल्या, "कामाला तू चांगली आहेस गं, पण जरा तोंड उघड ना!"

मी कायम झाले तर आईबाबांना दर हंगामात द्राक्षाच्या कामाला जीपमध्ये कोंबून जावं लागणार नाही. एवढंच. बाकी त्या भाषेचं मला काडीचं कौतुक नाही. आश्रमशाळेत गेले तेव्हा मराठीसुद्धा मला परकीच होती. तिचे फटके खाल्ले, आता हिचे.

८ जानेवारी

सरांची पद्धत ऐकून हसूच आलं.

"खरं बोलू नका!" म्हणाले. "खरं बोलायला गेलात की अडखळता. माणूस खऱ्याला लाजतो, विचार करतो, डोळ्यात पाणी आणतो आणि मग येतो मराठीवर. खोटं बोला. बंगला आहे म्हणा, कुत्रा आहे म्हणा. पण थांबू नका!"

प्रत्येकाला एक जोडीदार. रोज संध्याकाळी सात वाजता फोन, पंधरा मिनिटं. मराठीचा एक शब्द आला की फोन कट. शेवटी एकमेकांना दहापैकी मार्क द्यायचे — वेग, शब्द आणि एक्स्प्रेशन बघून.

माझी जोडीदार तृप्ती. माहेर देवळा, सासर इथे इंदिरानगरला. तिची पिंकी पहिलीत आहे, इंग्रजी शाळेत. तिथे टीचर पालकांशी इंग्रजीतच बोलतात, म्हणून नवऱ्याने हिला क्लासला घातलं. तो आणून सोडतो आणि सुटेपर्यंत खाली टायरवाल्याकडे बसून राहतो. किती काळजी! आमच्याकडे कोणी बसलं नसतं.

तृप्ती गोरी, नीटनेटकी, लांब बाह्यांचे ब्लाउज. सारखी हसते. मला अशा सुखी बायकांचा जरा रागच येतो.

११ जानेवारी

खोटं बोलायला मजा येते की! माझे वडील पायलट आहेत. कॉलेज रोडला बंगला. कुत्र्याचं नाव ब्रूनो. तृप्तीची बहीण कॅनडात, आणि तृप्ती रोज सकाळी पोहायला जाते. तिला "स्विमिंग"नंतर काही सुचेना, तर म्हणाली, पाणी ओलं होतं. दोघी हसून मेलो.

तिचा फोन स्पीकरवर असतो. शेजारी सासू बसलेली. विमलाबाई. मधेच त्यांचा आवाज येतो — "झालं का गं तुझं? कुकर लाव." तृप्ती इंग्रजीत म्हणाली, मदर-इन-लॉला ऐकायला आवडतं. कळत तर ओ की ठो नाही! माझा बंगला, माझा ब्रूनो, सगळं एक म्हातारी मन लावून ऐकते.

मी तिला सहा दिले. तिने मला आठ. उगाच मस्का.

१४ जानेवारी

संक्रांत. क्लासमध्ये तिळगूळसुद्धा इंग्रजीत वाटला. सरांनी वाक्य करून दिलं होतं, सगळे पोपटासारखे म्हणत होते.

आईचा फोन. "जेवलीस का गं? ती इंगरजी जमती का?" म्हटलं जमतेय. "नाय जमली तं सोड. लय जीवाला लावून नको घेऊ. आम्ही हाय ना." ती "आम्ही हाय" म्हणते तेव्हा मला तिचे हात दिसतात, द्राक्षाच्या औषधाने साल गेलेले.

१७ जानेवारी

आज तृप्तीने बहीणही काढली नाही आणि पोहणंही नाही. म्हणाली, आज स्टोरी सांगते. "इन माय हाउस वन लेडी."

त्या बाईचा नवरा स्वयंपाकघराला कुलूप लावून कामाला जातो. किल्ली सासूकडे. बाईला भूक लागली तर मागायचं. मागितलं की सासू नवऱ्याला सांगते. मग रात्री तो पट्टा काढतो.

मी म्हटलं, वा! काय डोकं आहे! कारण अडखळली नाही ना एकदाही. ब्रूनोपेक्षा कितीतरी बरं. फक्त एक गोष्ट खटकली — सगळं हसत हसत सांगत होती. दुःखाची गोष्ट आणि सूर लग्नाच्या बोलावण्याचा! एक्स्प्रेशनचे दोन मार्क कापले. आठ दिले.

ती म्हणाली, थँक्यू.

१९ जानेवारी

वन लेडीचा दुसरा भाग. तिच्याकडे हळदीकुंकू होतं. पन्नास बायका येऊन गेल्या. बाईने लांब बाह्यांचा ब्लाउज घातला, सगळ्यांना वाण दिलं, सगळ्यांना हसली. कोणालाच काही दिसलं नाही.

पुन्हा हसत! मी सांगितलं, तृप्ती, आवाज जड कर, थोडी थांब, श्वास घे. म्हणाली, आय कॅनॉट. मागून विमलाबाई — "काय गं एवढं हसायला झालं?" तर ही मराठीत, "काही नाही हो आई, गमतीचा धडा आहे." मराठी शब्द आला म्हणून नियमाप्रमाणे मी फोन कट केला.

२१ जानेवारी

तृप्ती क्लासला आली नाही. मागच्या वेळी जिना उतरताना मी हळूच मराठीत विचारलं होतं, "बरी आहेस ना? वाळलीस." खाली नवरा गाडीला टेकून उभा होता, हर्षल. तिने खाली बघितलं, मग म्हणाली, "मस्त!"

सर म्हणतात, थंडी सोसत नाही म्हणून नवऱ्याने क्लास बंद केलाय. फी भरलेली आहे, तर फोनची प्रॅक्टिस चालू ठेवणार. हिशेबी माणूस.

२३ जानेवारी

आज वॉर्डात एका गुजराती म्हातारबाबाच्या नातवाशी इंग्रजीत बोलले. चार वाक्यं. मेट्रनबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मान हलवली! सात वाजता तृप्तीला खरी खरी ही गोष्ट सांगितली, नियम मोडून. तिला आनंद झाला. म्हणाली, यू विल पास. मग विचारलं, तुझा दवाखाना कुठे आहे? ॲम्ब्युलन्स आहे का? मी म्हटलं, माझ्या डॅडींचं विमान आहे! ती हसली नाही. पहिल्यांदाच.

२६ जानेवारी

वन लेडीने नवऱ्याला सांगितलं, मी माहेरी जाते. तो म्हणाला, जा. मुलगी इथेच राहील. माहेरी फोन केला तर भाऊ म्हणाला, थोडं सांभाळून घे.

मी विचारलं, ती बाई पोलिसात का जात नाही? ती म्हणाली, मुलगी त्याच्या कडेवर असते.

चांगलं उत्तर. आठ.

२८ जानेवारी

आज कमाल झाली. तिने मलाच गोष्टीत घेतलं!

वन लेडीची एक फ्रेंड आहे, नर्स. त्यांनी एकमेकींना घर दाखवलेलं नाही, पण रोज बोलतात. उद्या सासू देवळात जाईल तेव्हा बाई मुलीला घेऊन बस स्टँडवर जाणार. निघाली तर सात वाजता फोन करणार. फोन आला नाही तर फ्रेंडने घरी यावं. प्लीज कम. दोनदा म्हणाली. मी म्हटलं, फ्रेंड नक्की येईल, ॲम्ब्युलन्स घेऊन येईल, सायरन वाजवत येईल! एवढं न थांबता मी जन्मात बोलले नव्हते. दोघींचा वेग जमला होता अगदी.

नऊ दिले. एक मार्क पुन्हा हसण्याचा कापला. परीक्षा आठवड्यावर आलीय आणि मला वाटतं जमणार.

२९ जानेवारी

फोन नाही. मी केला तर उचलला नाही. नेमका आता दगा द्यायचा!

३० जानेवारी

आजही नाही. सरांना म्हटलं, मला दुसरी जोडी द्या. राजू म्हणून आहे, विम्याचं काम करतो. पंधरा मिनिटांत त्याने मला इंग्रजीत पॉलिसी विकायचा प्रयत्न केला. सहा.

३१ जानेवारी, शुक्रवार

सर म्हणाले, तृप्तीच्या मिस्टरांचा फोन होता, ती माहेरी गेली, आता फोनची प्रॅक्टिसही बंद. म्हटलं बरं. पण निरोप तरी द्यावा माणसाने! रागारागात सात वाजता तिच्या नंबरवर फोन लावला. विमलाबाईंनी उचलला.

"तृप्ती देवळ्याला गेलीय. आता नका करू फोन."

आणि मागून तिचा आवाज. तृप्तीचा. लांबून, दाराआडून आल्यासारखा. पिंकीला शिकवत होती, गाण्यासारखं, हसत हसत — "रिपीट आफ्टर मी. वन लेडी इज इन द किचन. द डोअर इज लॉक्ड." आणि पिंकीचा बारीक आवाज, तेच परत.

विमलाबाई म्हणाल्या, "पोरीचा अभ्यास चाललाय," आणि फोन ठेवला.

मी वही उघडून मागची पानं वाचली. सगळी.

घरात एकच भाषा अशी होती जी त्या म्हातारीला कळत नव्हती. सूर मात्र कळत होता. म्हणून ती हसत होती. आणि मी — मी मार्क कापत होते!

वर्गात माझ्यापासून हातभर अंतरावर बसायची. मराठीत का नाही बोलली? पण मराठीत बोललं की लगेच त्यात भाऊ येतो, सांभाळून घे येतं, शेजारीपाजारी येतात. मलासुद्धा ते इंग्रजीतच सांगता आलं असतं. आणि सांगितलं कोणाला, तर माझ्यासारख्या मूर्ख बाईला, जिला वेगाचं पडलं होतं. प्लीज कम म्हणाली होती. दोनदा.

१ फेब्रुवारी

सरांकडून तिचा पत्ता घेतला. सरांनाही ओढून नेलं पोलीस ठाण्यात. बाई हवालदार होत्या, ऐकून घेतलं नीट.

"तुम्हाला ती काय म्हणाली?"

सांगितलं.

"मराठीत म्हणाली?"

"नाही. इंग्रजीत. क्लासच्या प्रॅक्टिसमध्ये."

"स्वतःबद्दल म्हणाली?"

"नाही. वन लेडी म्हणायची."

मग सरांना विचारलं, क्लासमध्ये काय बोलायचं असतं. सरांनी खाली मान घातली. "खोटं. म्हणजे — मीच सांगितलंय तसं. सगळी मुलं खोटंच बोलतात." मी स्वतः पायलटची मुलगी आहे, हेही सांगावं लागलं. हवालदार बाईंनी पेन खाली ठेवलं.

तरी आल्या त्या, नाही असं नाही. इंदिरानगरला दुसरा मजला, दाराला संक्रांतीचं तोरण अजून तसंच. हर्षलने दार उघडलं. पिंकी कडेवर. तिच्या खांद्यावरून त्याने आत हाक मारली, "तृप्ती, पोलीस आलेत बघ, तुझ्या क्लासवाल्यांना घेऊन."

तृप्ती आली. लांब बाह्या. डोळ्याखाली पावडरचा थर. हवालदार बाई म्हणाल्या, ताई, काही त्रास आहे का? जरा बाहेर येऊन बोलता का? तिने पिंकीकडे बघितलं. हर्षल पिंकीच्या केसांतून हात फिरवत होता, हळू हळू.

"नाही हो. क्लासची गोष्ट होती ती," तृप्ती म्हणाली. मराठीत. आणि हसली.

विमलाबाईंनी मला विचारलं, "चहा घेणार?"

जिना उतरताना सर म्हणाले, "निकिता, कदाचित खरंच गोष्ट असेल." मी भरभर खाली उतरले. बोलले असते तर शिवीच गेली असती.

२ फेब्रुवारी

नंबर बंद. महिलांच्या हेल्पलाइनला फोन केला. त्या म्हणाल्या, तिने स्वतः तक्रार दिली तर पुढे जाता येईल, नाहीतर सोमवारनंतर एखादी ताई घरी जाऊन भेटेल. त्यांचंही बरोबरच असेल. मी त्यांच्या गल्लीत जाऊन उभी राहिले तासभर. स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. हर्षलची गाडी आली तशी मी किराणा दुकानात शिरले आणि नको असलेला साबण घेऊन घरी आले.

३ फेब्रुवारी

आईला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाली, "आपल्या पाड्यावर बाई वरडली तं दहा माणसं जमतात. तिथं बिल्डिंगीत कोण येतं?"

मग म्हणाली, "तू जात राय. दिसत राय त्यांना."

५ फेब्रुवारी, बुधवार

परीक्षा झाली. मोठे डॉक्टर, दोन पाहुणे, मधे टेबल. "टेल मी अबाउट युवर फॅमिली." मी सुरू झाले. वडील पायलट, कॉलेज रोडचा बंगला, ब्रूनो. कुठेही अडखळले नाही. चेहरा हसरा, मान ताठ. पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या, व्हॉट कॉन्फिडन्स!

पास. कायम. मेट्रनबाईंनी पेढा तोंडात कोंबला. आईला कळवलं तर ती रडली. मी नाही. संध्याकाळी पुन्हा त्या गल्लीत जाऊन आले. हर्षलने बघितलं मला. मी हलले नाही.

हेल्पलाइनची ताई उद्या जाणार म्हणे.

६ फेब्रुवारी

आमच्याच आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय.

सात वाजता, ड्यूटीवर असतानाच, अनोळखी नंबर. "इन माय हाउस वन लेडी." पिंकी! आजीचा फोन घेऊन पलंगाखाली बसली होती. माझा नंबर आईने तिला कवितेसारखा पाठ करून घेतला होता. मी ओरडले, मराठीत सांग बाळा, मराठीत! ती कुजबुजली, "नो मराठी. ग्रॅनी इज हिअरिंग." लेडी सकाळपासून झोपलीय, उठत नाही.

ॲम्ब्युलन्स निघाली, मी आत, फोन कानाला. नाकाखाली हात धर म्हटलं, गरम लागतं का? "लिटल." कुशीवर ढकल म्हटलं, आणखी ढकल, मग बाहेरच्या दाराची कडी हळूच काढून ठेव. सगळं इंग्रजीत. एकदाही थांबले नाही. ड्रायव्हरच्या फोनवरून पोलिसांना कळवलं होतं; यावेळी हवालदार बाई आमच्या आधी पोचल्या होत्या.

गोळ्या होत्या. तिने घेतल्या की दिल्या, अजून कळलेलं नाही. श्वास चालू आहे.

पिंकी शेजारी बसलीय. बिस्किट दिलं तर थँक्यू म्हणाली. अजून मराठीत एक शब्द बोललेली नाही.